बोटीवरची बाटली, चांगीची की सहारची?

पुतण्या आणि त्याची बायको सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला निघालेत. मुंबईहून विमान, दोन दिवस सिंगापूर, मग क्रूझ, आणि जहाज धक्क्याला लागेल त्याच रात्री परतीचं विमान. त्याचा पहिला फोन व्हिसाबद्दल नव्हता, की बोट लागली तर कुठली गोळी घ्यायची याबद्दलही नव्हता. "काकू, बाटल्या बोटीवरच घेऊन टाकू ना? ड्यूटी फ्री असतं तिथे सगळं." आमच्या घरात पिणारे तीन आणि हिशेब ठेवणारी मी एकटी, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात.

फोनवर पाच मिनिटांत सांगितलं ते इथे जरा ऐसपैस सांगते, कारण हा घोटाळा आम्ही स्वतः करून बसलोय.

आधी घरच्या दाराचा नियम. परदेशातून भारतात येणाऱ्या प्रवाशाला माणशी २ लिटर दारू ड्यूटी न भरता आणता येते. व्हिस्की, वाईन, सगळं मिळून २ लिटर. ती बोटीवर घेतली, सिंगापूरच्या चांगी विमानतळावर घेतली की मुंबईला सहार विमानतळावर उतरल्यावर बॅगांच्या पट्ट्याशेजारच्या दुकानात घेतली, याने काही फरक पडत नाही. तिन्हींचा कोटा एकच. पुष्कळांची समजूत असते की मुंबईच्या अरायव्हलचं दुकान या हिशेबात येत नाही, तिथलं वेगळं. तसं काही नाही. चांगीच्या दोन आणि इथल्या दोन अशा चार घेऊन निघालात तर दोन जास्तीच्याच.

शिवाय सवलत ज्याची त्याची. नवऱ्याच्या बॅगेत चार बाटल्या आणि बायकोच्या बॅगेत फक्त चॉकलेटं, असं करून 'दोघांचं मिळून आहे' म्हणता येत नाही. नियमात एकत्र करायला चक्क मनाई आहे. दोन-दोन करा आणि बिलंही वेगळी करून घ्या.

आणि लिटरचं गणित दुकानात उभं राहून चुकतं, म्हणून घरीच करून जा. ड्यूटी फ्रीच्या बाटल्या बहुधा १ लिटरच्या, म्हणजे दोन बाटल्या बरोब्बर बसतात. १ लिटर व्हिस्की आणि ७५० मिलीची वाईन, हेही बसतं. पण सिंगापूरच्या गावातल्या दुकानांत ७०० मिलीच्या बाटल्या खूप दिसतात, आणि तशा तीन घेतल्या की होतात २.१ लिटर. ते वरचे १०० मिली म्हणजे घरातला अर्धा कप. तरी मर्यादा ओलांडली ती ओलांडलीच.

मर्यादेवरच्या दारूला ड्यूटी सणसणीत बसते. स्कॉचवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क राहिलंय. दहा हजाराच्या बाटलीवर पंधरा हजार भरायचे, तर ती बाटली भेट म्हणून कुणाला द्यायची हा प्रश्नच उरत नाही, स्वतःच प्यायची आणि गप्प बसायचं.

एवढं सगळं पुतण्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. बोटीवरून तो थेट मुंबईला येत नाहीये, मधे सिंगापूर आहे. बोटीवरच्या बाटलीला दोन कस्टम लागतात.

मधलं कस्टम

सिंगापूरचे नियम आपल्यापेक्षा कडक आहेत आणि वेगळेही. तिथेही वयाची १८ वर्षं पूर्ण केलेल्या प्रवाशाला एकूण २ लिटरची सवलत आहे, पण त्यात व्हिस्की, रम, वोडका वगैरे कडक दारू जास्तीत जास्त १ लिटर. उरलेला लिटर वाईनचा किंवा बिअरचा. म्हणजे मुंबईच्या नियमात छान बसणाऱ्या व्हिस्कीच्या दोन बाटल्या सिंगापूरच्या नियमात बसतच नाहीत.

याच्या पुढे आणखी दोन अटी आहेत, आणि क्रूझवाले अडकतात ते इथेच. तुम्ही सलग ४८ तास तरी सिंगापूरच्या बाहेर असायला हवं, आणि तुम्ही मलेशियातून येत असता कामा नये. मलेशियातून आलात तर दारूची सवलत शून्य. आता सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझचा नकाशा काढून बघा. पेनांग, पोर्ट क्लांग, कधी लंकावी, कधी फुकेत. फुकेत सोडलं तर सगळी मलेशियातली बंदरं. त्यात लंकावी बेट १९८७ पासून ड्यूटी फ्री, तिथे दुकानं बघून हात शिवशिवतात. पण तिथून बोट सरळ सिंगापूरला येणार असेल तर ती स्वस्ताई धक्क्यापर्यंतच टिकते.

किती पैसे जातात? सिंगापूरमध्ये कडक दारूवर आणि वाईनवर कर बसतो तो बाटलीतल्या शुद्ध मद्यार्कावर, लिटरला ८८ सिंगापूर डॉलर. ४० टक्क्यांच्या १ लिटर व्हिस्कीत मद्यार्क ०.४ लिटर, म्हणजे ३५.२० डॉलर, आणि बाटलीची किंमत अधिक हा कर, या बेरजेवर ९ टक्के जीएसटी. एका बाटलीमागे आपले दोन हजार रुपये सहज गेले. बाटली साधी असो की महागडी, ते ३५.२० डॉलर तेवढेच राहतात, जीएसटी तेवढा किमतीप्रमाणे बदलतो. त्यामुळे साध्या लेबलवर बोटीवर जे वाचवलं असतं ते इथे साफ निघून जातं.

"पण मी तर त्याच रात्री मुंबईला उडणार आहे, सिंगापुरात कुठे राहतोय?" हा पुतण्याचा मुद्दा. मुद्दा बिनतोड वाटतो, पण जहाजावरून उतरून इमिग्रेशन ओलांडलं की तुम्ही सिंगापुरात शिरलात, मग तिथे चार तास काढा नाहीतर चार दिवस. बाटल्या लपवून कस्टमच्या हिरव्या, म्हणजे 'जाहीर करण्यासारखं काही नाही' या वाटेने जाणं हा मार्ग मी कुणालाच सांगणार नाही, तिथे तर अजिबात नाही. सिगारेटला तर त्या देशात सवलतच नाही. एक पाकीट असलं तरी सांगावं लागतं.

आमचं असं झालं. बोटीवर शेवटच्या दिवशी दुकानात सेल लागला, दोन घेतल्या की सूट. ह्यांनी एकेक लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या, थोरल्या भाऊजींसाठी आणि स्वतःसाठी. बोटीवरच्या दुकानातली दारू लगेच हातात देत नाहीत, शेवटच्या संध्याकाळी खोलीवर आणून देतात, नाहीतर लोक खोलीतच मैफल जमवतील आणि बारचा धंदा बसेल. मोठ्या बॅगा मात्र त्याच रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात, खालचे लोक त्या घेऊन जातात. आम्ही शहाण्यासारख्या लवकर भरून ठेवल्या. बॅगा गेल्या आणि मग बाटल्या आल्या. सकाळी ह्यांच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन बाटल्या, आणि आमचं शेवटचं बंदर पेनांग. लाल वाटेला जाऊन सत्तर डॉलर आणि वर जीएसटी भरला. मग दिवसभर ती पिशवी सांभाळत सिंगापूर पाहिलं. संध्याकाळी चांगीला चेक-इनच्या रांगेच्या बाजूला जमिनीवर बसून बॅग उघडली, जीन्सच्या एकेका पायात एकेक बाटली सरकवली, वरून माझ्या दोन ओढण्या गुंडाळल्या. हातातल्या सामानात १०० मिलीच्या वरचं पातळ काही नेता येत नाही, त्यामुळे बोटीवरची बाटली ही चेक-इनच्या बॅगेतच जाते. भरलेली लिटरची बाटली दीड किलोच्या पुढे भरते. दोन बाटल्यांनी तीन किलो खाल्ले आणि बॅग वजनात बसवायला ह्यांचे बूट पायात चढले.

बाटल्या शाबूत पोचल्या, एवढंच खरं.

चांगीला घेतली तर

हा सगळा खटाटोप वाचतो. इमिग्रेशन झाल्यावर आत गेलात की घेतलेली बाटली सिंगापूरच्या दृष्टीने देशाबाहेर चाललेली असते. तिथली १ लिटरची अट लागत नाही, तुमच्यापुढे फक्त मुंबईचे २ लिटर. बाटली पारदर्शक पिशवीत सीलबंद करून देतात, पावती आत दिसेल अशी. ती पिशवी घरी येईपर्यंत फोडायची नाही. निवड भरपूर, आणि शांतपणे बघायला वेळ असतो.

अडचण एकच, पण मोठी: विमान थेट मुंबईचं हवं. मधे कोलंबो नाहीतर बँकॉकला विमान बदलायचं असेल तर तिथल्या सुरक्षा तपासणीत ती पिशवी पुन्हा जाते आणि तिथल्या माणसाच्या मर्जीवर राहते. चेन्नईला उतरून पुढे देशातलं विमान असेल तर कस्टम चेन्नईलाच होतं आणि बाटली चेक-इनच्या बॅगेत टाकून पुढे न्यावी लागते. आपले नागपूरचे लोक मुंबईत उतरून पुढे जातात त्यांनाही हेच. बॅगेत एक जागा आणि एक जाड टॉवेल आधीच राखून ठेवा. चेक-इन बॅगेत २४ ते ७० टक्के मद्यार्काची दारू माणशी ५ लिटरपर्यंत चालते, पण बाटली मूळ वेष्टनातली आणि न उघडलेली हवी. ७० टक्क्यांच्या वरची विमानात मुळीच नाही.

सहारला घेतली तर

नाव आता मोठ्ठं आणि टर्मिनल २ झालं तरी आमच्या तोंडी सहारच. इमिग्रेशन संपलं की बॅगांच्या पट्ट्याकडे जाताना दुकान लागतंच. माझ्या मते बहुतेकांनी इथेच घ्यावी. वजन नाही, फुटण्याची भीती नाही, मधलं कस्टम नाही, दिवसभर पिशवी सांभाळणं नाही. ऑनलाइन आधी मागवून ठेवता येते, मग पासपोर्ट आणि बोर्डिंग पास दाखवून फक्त उचलायची. दोघांनी आपापल्या पासपोर्टवर आपापलं बिल करायचं.

खोट म्हणाल तर निवड चांगीच्या मानाने कमी, आणि पहाटे आखातातली विमानं एकापाठोपाठ उतरतात तेव्हा रांग लांब. एखादं विशिष्ट लेबलच हवं असेल तर आधी साइटवर बघून घ्या. तिथे ते नसेल तर चांगी.

२ लिटरच्या आत असाल तर हिरवी वाट, वर असाल तर लाल. आपल्या कस्टमच्या 'अतिथी' ॲपवर आधी जाहीर करता येतं. दारूची किंमतही सामानाच्या एकूण सवलतीतच धरली जाते. सोबत नवा फोन आणि घड्याळ असेल तर बेरीज करून बघा.

मुळात स्वस्त पडते का?

हे कुणी विचारतच नाही. निघण्यापूर्वी आपल्या नाक्यावरच्या वाईन शॉपमध्ये जाऊन हव्या त्या लेबलची किंमत फोनमध्ये टिपून घ्या, मिलीसकट. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं, तेव्हापासून फरक पूर्वीइतका उरलेला नाही. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ ला जो करार झाला त्यात आयात शुल्क १५० वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. 'परदेशातून आणली' या शब्दांना भाव आहे तो आहेच, पण रोजच्या लेबलसाठी जीन्सच्या पायात बाटली घालावी एवढा नाही. फक्त ड्यूटी फ्रीतच मिळणाऱ्या खास नावाच्या बाटल्यांची तर तुलनाच करता येत नाही, आणि मला वाटतं त्या तशा काढतात त्या याचसाठी.

गोव्यात उतरणाऱ्यांनी तर दहादा विचार करावा, तिथे गावातच दारू मुंबईपेक्षा स्वस्त. मुंबई-गोवा-मुंबई अशी देशातल्या देशात क्रूझ करणाऱ्यांना या सवलतीशी घेणंदेणंच नाही, ती परदेशातून येणाऱ्यांसाठी आहे.

आणि घर गाठेपर्यंत डोकं ताळ्यावर ठेवा. मुंबईत उतरून गाडीने वापी-सुरतेला जाणार असाल तर गुजरातेत दारूबंदी आहे. वर्धा आणि गडचिरोलीतही आहे. महाराष्ट्रात कडक दारूला वयाची अट २५ आहे, बिअर-वाईनला २१. विशीतल्या लेकाच्या नावावर व्हिस्कीच्या दोन बाटल्या मांडू नका. आणि दारूचं परमिट काढलं नसेल तर काढून टाका, वर्षाचं असो की कायमचं.

बोटीवर घ्यावी असं एकच चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं. शेवटचं बंदर फुकेत, सिंगापूर सोडून दोन दिवस उलटलेले, आणि दुसरीकडे न दिसलेली एकच लिटरची बाटली. हवी तर सोबत एक वाईन. तेवढी बिनधास्त घ्या, मोठी बॅग मात्र रात्री उशिरा बाहेर ठेवा.

पुतण्याची बोट पेनांगहून परत येते, त्यामुळे त्याचा प्रश्न तिथेच मिटला. "मग बाबांची सहारला मागवतो," तो म्हणाला. "आणि माझी?"

"तुझी बोटीवर," म्हटलं, "बारमध्ये, ग्लासात."