फ्रिस्को, प्रॉस्पर की सेलिना? डॅलसच्या उत्तरेला घर घेणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

डॅलसहून प्रेस्टन रोड धरून उत्तरेला निघालं की आधी फ्रिस्को, मग प्रॉस्पर, मग सेलिना अशी गावं ओळीने लागतात. प्लेनोच्या लेगसी भागात टोयोटा, कॅपिटल वन, जेपीमॉर्गन चेस अशा ठिकाणी नोकरी लागलेल्या मराठी कुटुंबांची घराची शोधाशोध बहुतेक याच पट्ट्यात येऊन थांबते. प्रश्नही ठरलेला असतो. फ्रिस्कोत वीस-पंचवीस वर्षांचं जुनं घर घ्यावं, की तेवढ्याच पैशात वर सेलिनात कोरं आणि मोठं?

नुसती घराची किंमत पाहून याचं उत्तर काढलं की हमखास फसगत होते. तिन्ही गावं एकाच वाटेवर आहेत, फ्रिस्को साधारण पंचवीस वर्षं पुढे आहे इतकंच. रस्ते, पाणी आणि शाळा यांचा खर्च कुठे बराचसा फेडून झाला आहे आणि कुठे तो अजून तुमच्या नावावर निघायचा आहे, हे आधी बघावं.

गुरांची वाट, मग रेल्वे, मग टोलवे

आजचा प्रेस्टन रोड बराचसा जुन्या शॉनी ट्रेलवरून जातो. १८५० च्या दशकात दक्षिण टेक्सासमधले लाँगहॉर्न गुरांचे कळप या उंचवट्यावरून रेड नदीपलीकडे, मिसूरीच्या दिशेने हाकले जात. लाँगहॉर्नना स्वतःला काही होत नसे. पण त्यांच्या अंगावरच्या गोचिडांमुळे मिसूरीतली गुरं तापाने पटापट मरायची, म्हणून तिथले शेतकरी हत्यारं घेऊन कळप अडवत. १८६७ पासून बहुतेक कळप पश्चिमेच्या चिझम ट्रेलने जाऊ लागले.

१९०२ मध्ये रेल्वे आली. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं आणि उंचवट्यावर ते नव्हतं, म्हणून रूळ चार मैल पश्चिमेला सखल भागात पडले. लेबनन गावच्या लोकांनी आपली घरंच उचलून रुळांजवळ नेली आणि फ्रिस्को वाढू लागलं. सेलिनाकरांनीही त्याच वर्षी गाव असंच हलवलं. प्रॉस्परजवळच्या रॉक हिल आणि रिचलँड या जुन्या वस्त्यांची नावं आता हायस्कुलांना आहेत.

त्यानंतर इथे गुरांच्या जोडीने कापूस, गहू आणि मकाही भरपूर पिकला. त्यामुळे वसाहतींच्या पाट्यांवरच्या 'रँच' शब्दाला फार भुलू नये. फ्रिस्कोच्या सेंट्रल पार्कात गुरं ब्राँझची आहेत, फील्ड्स रँचवर गोल्फ चालतो आणि प्रॉस्परच्या विंडसाँग रँचमध्ये पाच एकरांचं पोहायचं तळं आहे.

| | फ्रिस्को | प्रॉस्पर | सेलिना |
|---|---|---|---|
| लोकसंख्या २०१० | १,१६,९८९ | ९,४२३ | ६,०२८ |
| लोकसंख्या २०२० | २,००,५०९ | ३०,१७४ | १६,७३९ |
| डाउनटाउन डॅलसपासून | सुमारे ३० मैल | ३५ मैलांच्या पुढे | ४० मैलांच्या पुढे |
| मालमत्ता कर, दर १०० डॉलरला | सुमारे १.७ | सुमारे २ | २ च्या थोडा वर |

सेलिनाचा २०२० चा आकडा आता जुना झाला. जनगणना विभागाच्या २०२३ च्या अंदाजात तिथे ४३ हजारांवर लोक होते आणि एका वर्षातली वाढ २६.६ टक्के होती. त्या वर्षी देशात सगळ्यात वेगाने वाढलेलं शहर सेलिनाच होतं.

कराचं गणित

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. त्याची भरपाई घरपट्टीतून होते आणि तिचा सगळ्यात मोठा वाटा शाळांचा असतो. समजा तिन्ही गावांत सहा लाख डॉलरचं घर घेतलं. स्वतः राहत असाल तर होमस्टेड सवलतीत शाळेच्या करासाठी १,४०,००० डॉलर वजा होतात. २०२५ च्या मतदानाआधी हा आकडा एक लाख होता. त्या हिशेबाने वर्षाला फ्रिस्कोत सुमारे ८,७००, प्रॉस्परमध्ये १०,२०० आणि सेलिनात १०,७०० डॉलर कर येतो. गावांच्या स्वतःच्या सवलती यात धरलेल्या नाहीत आणि दर दरवर्षी थोडे हलतात, पण फरक साधारण एवढाच राहतो.

सेलिनाच्या आकड्यावर आणखी एक ओझं येऊ शकतं. अनेक नव्या वसाहतींत पीआयडी म्हणजे पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट असतो. रस्ते, गटारं, जलवाहिन्या यांसाठी काढलेलं कर्ज त्यातून घरमालकांकडून वर्षानुवर्षं वसूल होतं. काही ठिकाणी त्याऐवजी एमयूडीचा, म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचा, कर असतो. विक्री कार्यालयात तुम्हाला दर महिन्याचा हप्ता सांगतात, त्यात हा आकडा आहे की नाही ते स्पष्ट विचारा. पीआयडीची लेखी सूचना करारावर सही करण्याआधी मिळायला हवी. तीत दोन गोष्टी पाहा: वर्षाची रक्कम किती आणि शेवटचं वर्ष कोणतं. फ्रिस्कोच्या जुन्या वसाहतींत हा प्रकार सहसा आढळत नाही.

नव्या घरांत दुसऱ्या वर्षी बसणारा धक्का ठरलेला आहे. कर १ जानेवारीच्या स्थितीवर लागतो. जुलैत चाव्या मिळालेलं घर त्या १ जानेवारीला नुसता मोकळा प्लॉट होतं, म्हणून पहिलं बिल दोन-अडीच हजारांचं येतं आणि बँकही एस्क्रोत, म्हणजे कर आणि विम्यासाठी हप्त्यातून बाजूला काढलेल्या खात्यात, तेवढेच पैसे धरते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल येतं. एस्क्रोत तूट पडते आणि हप्ता महिन्याला सहा-सातशे डॉलरने चढतो, मागची तूट भरायची ती वेगळीच. यावर उपाय सोपा आहे. कर्ज घेतानाच एस्क्रो पूर्ण किमतीवर काढायला लावा. बँक ऐकत नसेल, तर फरकाची रक्कम दरमहा बाजूला टाका.

होमस्टेडचा अर्ज राहायला आल्याबरोबर भरा. तो लागू झाल्यावर पुढच्या वर्षापासून करपात्र मूल्य वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही. मूल्यांकन अवाच्या सवा वाटलं तर १५ मेपर्यंत किंवा नोटिशीपासून ३० दिवसांत, यातलं जे नंतर येईल तोवर, हरकत घेता येते.

येणं-जाणं

डॅलस नॉर्थ टोलवे फ्रिस्कोच्या मधून जाऊन महामार्ग ३८० पाशी संपतो. पुढे सेलिनापर्यंतच्या वाढीव टप्प्याचं काम चालू आहे. तो पूर्ण होईपर्यंत सेलिनाकरांना प्रेस्टन रोड आणि त्यावरचे सिग्नल चुकत नाहीत. ३८० ही पूर्व-पश्चिम जाणारी नस सकाळी साडेसातला तुंबलेलीच असते. घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. मंगळवारी सकाळी त्या पत्त्यावरून ऑफिसपर्यंत गाडी चालवून बघा, फरक कळेल.

टोल मैलाला वीस सेंटांच्या थोडा वर आहे. ३८० पासून लेगसीपर्यंत जाऊन-येऊन वीस मैल धरले, तर रोज जाणाऱ्याचे महिन्याला ८५ डॉलरच्या आसपास जातात. टोलटॅग नसेल तर दर बराच चढा लागतो.

प्लेनोत डार्टच्या, म्हणजे डॅलस भागातल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या, बस आणि रेल्वे आहेत. ही तिन्ही गावं डार्टमध्ये नाहीत. आई-बाबा भारतातून पाच-सहा महिन्यांसाठी येणार असतील तर हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. फ्रिस्कोच्या जुन्या वसाहतींत झाडं मोठी झाली आहेत, पदपथ सावलीचे आहेत, बाग बहुधा चालण्याच्या अंतरावर असते आणि कार्यसिद्धी हनुमान मंदिर गावातच आहे. सेलिनाच्या नव्या वसाहतीत जुलैच्या चाळीस अंशांत चालायला निघालं, तर काठीएवढ्या रोपट्यांची सावली कुणाच्याच उपयोगाची नसते.

जमीन आपल्या ओळखीची आहे

विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्याला इथली माती लगेच ओळखता येईल. काळी, चिकट, पावसात फुगणारी आणि उन्हात हात जाईल एवढी भेगाळणारी. आपली कापसाची काळी जमीन आणि ही ब्लॅकलँड प्रेअरी, दोन्ही व्हर्टिसॉल गटातल्या. कापसाला उत्तम आणि घराच्या पायाला वाईट, हेही दोन्हीकडे सारखंच.

इथली घरं जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर उभी असतात. स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात, त्यामुळे त्यात कधीही भोक पाडू नये. माती एका बाजूने सुकली आणि दुसरीकडे ओली राहिली की स्लॅब वाकतो. दारं अडकू लागतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो, बाहेरच्या विटांत पायऱ्यांसारखी भेग दिसते. केसाएवढे तडे प्रत्येक घरात असतात. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरच्या वर भेग असेल, तर पाया दुरुस्त करणाऱ्या कंपनीआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं.

घराभोवतीची माती बारा महिने वापशावर ठेवायची, हाच उपाय. झिरपणारी नळी भिंतीपासून बारा ते अठरा इंचांवर टाका. अगदी चिकटून टाकली तर पाणी भेगेतून थेट स्लॅबखाली जातं. उन्हाळ्यात एकदम धो-धो पाणी न सोडता थोडा थोडा वेळ सोडा, गावाचे पाण्याचे नियम पाळून. जमिनीचा उतार घरापासून दूर हवा, पहिल्या दहा फुटांत सहा इंच. पन्हाळीचं पाणीही पायाशी पडू देऊ नका. मोठी होणारी झाडं भिंतीलगत लावली, तर ती स्लॅबखालचा ओलावा शोषून घेतात.

फ्रिस्कोतल्या १९९८ ते २००५ च्या घरांनी आपले रंग दाखवून झालेले आहेत, हा त्यांचा फायदा. पाया दुरुस्त केला आहे का, स्लॅबखाली आधाराचे खांब (पिअर) किती बसवले, वॉरंटी नव्या मालकाच्या नावे होते का, हे विचारा. स्लॅब उचलताना खालचे मलनिस्सारणाचे पाइप तुटू शकतात, म्हणून दुरुस्तीनंतर पाइपांची पाणी भरून दाबचाचणी झाल्याचा कागद मागा. तो नसेल तर स्वतः करून घ्या.

सेलिनात स्लॅब नव्या भरावावर असतो आणि पहिली तीन-चार वर्षं कसोटीची असतात. स्वतःचा तपासनीस तीनदा आणा: काँक्रीट ओतण्याआधी, आतल्या भिंतींचे बोर्ड लागण्याआधी आणि अकराव्या महिन्यात. वॉरंटी साधारणपणे कारागिरीवर एक वर्ष, वायरिंग-प्लंबिंगवर दोन वर्षं आणि सांगाड्यावर सहा किंवा दहा वर्षं असते. सहा की दहा, ते करारात वाचून घ्या.

छपराचंही बघा. इथे वसंतात गारा पडतात आणि विम्यात गारांसाठी वेगळी वजावट असते, बहुधा घराच्या विमा रकमेच्या एक किंवा दोन टक्के. पाच लाखांवर दोन टक्के म्हणजे पहिले दहा हजार तुमच्या खिशातून.

शाळा

गावाची हद्द आणि शाळा-जिल्ह्याची हद्द एक नसते. लाइट फार्म्स किंवा मस्टँग लेक्सचा पत्ता सेलिनाचा, पण शाळा प्रॉस्पर आयएसडीची, म्हणजे प्रॉस्परच्या शाळा-जिल्ह्याची. फ्रिस्कोचेही काही भाग प्रॉस्पर, लिटल एल्म आणि लुइसव्हिलच्या शाळांत जातात. एजंटच्या किंवा जाहिरातीच्या शब्दावर न जाता शाळा-जिल्ह्याच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता टाकून बघा.

फ्रिस्को आयएसडीने हायस्कुलं मुद्दाम मध्यम आकाराची ठेवली. त्यामुळे संघ, बँड, नाटक यांत जास्त मुलांना जागा मिळते. आता मात्र तिथली पटसंख्या घसरू लागली आहे. प्रॉस्परमध्ये उलट: हायस्कुलं मोठी, चौथं २०२५ मध्ये सुरू झालं, आणि दर थोड्या वर्षांनी हद्दी नव्याने आखल्या जातात. सेलिनात वर्षानुवर्षं एकच हायस्कूल आणि शुक्रवारी रात्री फुटबॉलला अख्खं गाव.

आपल्या पालकांच्या बोलण्यात न येणारी एक गोष्ट म्हणजे वर्गातला क्रमांक. टेक्सासच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत वरच्या दहा टक्क्यांना थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठाने २०२६ च्या प्रवेशांपासून ही मर्यादा पाच टक्क्यांवर आणली. फ्रिस्कोच्या चुरशीच्या हायस्कुलात उत्तम गुण असूनही मूल त्या पाचांत बसेलच असं नाही. मूल नववीच्या उंबरठ्यावर असेल तर आमचं मत प्रॉस्पर-सेलिनाच्या बाजूने झुकतं. प्राथमिक शाळेत असेल आणि दोघंही ऑफिसला जात असतील, तर फ्रिस्कोतलं लहान घर बरं.

मागच्या कुरणातल्या गाई

'मागे मोकळं कुरण आहे' म्हणून प्लॉटसाठी जादा पैसे घेतले जातात. ते देण्याआधी गाई तिथे का आहेत ते समजून घ्या. शेतीच्या वापरातल्या जमिनीवर टेक्सासमध्ये कर बाजारभावाने लागत नाही, उत्पन्नाच्या हिशेबाने लागतो, आणि फरक प्रचंड असतो. त्यासाठी गेल्या सात वर्षांपैकी पाच वर्षं शेतीचा वापर दाखवावा लागतो. म्हणून विकसकाने घेऊन ठेवलेल्या रानातही थोडी गुरं चरतात किंवा गवत कापून गठ्ठे बांधले जातात. बांधकाम सुरू झालं की मागच्या तीन वर्षांचा फरक भरावा लागतो, आणि तो सोसूनही नफा भरपूर उरतो.

तेव्हा काउंटीच्या मूल्यांकन संकेतस्थळावर त्या रानाचा मालक कोण ते बघा. नाव कुटुंबाचं नसून एलएलसी किंवा डेव्हलपमेंट कंपनीचं असेल, तर तिथे छपरं दिसायला फार वर्षं लागणार नाहीत. गावाचे दोन नकाशेही उघडा, भविष्यातल्या जमीनवापराचा आणि मुख्य रस्त्यांचा. दुसऱ्यात तुमच्या कुंपणालगत सहापदरी रस्त्याची रेघ निघू शकते. ओढ्याकाठचा पूरपट्टा आणि गावाच्या नावावरची बाग या जागा बहुधा मोकळ्या राहतात. जादा पैसे मोजायचेच असतील तर त्यांना लागून असलेल्या प्लॉटसाठी मोजावेत, फक्त आपला प्लॉट पूररेषेबाहेर असल्याची खात्री करून.