सांगली-मिरजेत भावंडांचं एचएलए मॅचिंग: कलेक्शन सेंटरची सेवा कशी आहे?

बोन मॅरो ट्रान्सप्लांट पुण्यात, खारघरला नाहीतर वेल्लोरला होणार असलं, तरी एचएलए मॅचिंगसाठी, म्हणजे पेशंटच्या आणि भावंडांच्या पेशींवरच्या ओळखखुणा जुळतात का ते बघायला, अख्खं घर गाडीत घालून तिकडं न्यायची गरज नसते. मोठ्या लॅबची सांगली-मिरजेतली कलेक्शन सेंटरं सॅम्पल इथंच घेतात आणि मुख्य लॅबला पाठवतात. सेवा घेण्यासारखी आहे. सॅम्पल घेणाऱ्या मुलांचा हात चांगला असतो, लहान पोरालाही फारसं रडवत नाहीत. कच्चं काम असतं ते कागदाचं, आणि या तपासणीत घोळ होतात ते बहुतेक कागदावरच.

फॉर्मवर नुसतं ‘एचएलए टायपिंग’ लिहून भागत नाही. काउंटरच्या यादीत एचएलए-बी27 नावाची टेस्ट असते, ती मणक्याच्या संधिवातासाठी. किडनीच्या मॅचिंगचं पॅकेजही त्याच यादीत असतं, पण ते बऱ्याचदा लो रिझोल्युशनचं, म्हणजे ढोबळ असतं आणि बोन मॅरोला पुरत नाही. फॉर्मवर ‘हाय रिझोल्युशन, ए, बी, सी, डीआरबी1, डीक्यूबी1’ असं स्वच्छ लिहून घ्यावं. या एचएलए जनुकांच्या पाच जागा, प्रत्येकीवर आईकडून एक आणि बापाकडून एक, म्हणून पूर्ण जुळणीला 10/10 म्हणतात. पैसे दर माणशी लागतात. तीन भावंडं तपासायची तर पेशंट धरून चार टेस्ट, हे आधीच धरून चाला.

आता ट्यूब. रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये, मोठ्या माणसाचं साधारण 3 मिलि. हिरव्या टोपणाची हेपरिनची ट्यूब चालत नाही, हेपरिनमुळे डीएनएची पुढची प्रक्रिया अडते. ट्यूब भरली की आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची, नाहीतर गुठळी होते. लेबल खुर्चीजवळच, पेशंटसमोर चिकटवलं पाहिजे. सख्ख्या भावांचं आडनाव एक, बापाचं नाव एक, ‘एस. आर. पाटील’ लिहिलेल्या दोन ट्यूब टेबलावर शेजारी शेजारी पडल्या की कोणती कोणाची हे देवच जाणे. पूर्ण नाव, वय आणि ‘पेशंट’ की ‘भाऊ’, हे ट्यूबवर स्वतः वाचून मगच खुर्ची सोडावी. सोमवार ते बुधवार सकाळी जावं. शनिवारचं सॅम्पल रविवारभर कुरिअरमध्ये पडून राहतं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते नको.

अप्लास्टिक ॲनिमियात, म्हणजे मॅरो पेशी बनवायचं थांबतो त्या आजारात, पांढऱ्या पेशीच कमी असतात, त्यामुळं रक्तातून डीएनए पुरेसा निघत नाही. ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमध्ये) रक्त ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या कच्च्या पेशींनी भरलेलं असेल, तर त्या पेशींनी कधी कधी आईकडचं नाहीतर बापाकडचं एचएलए गमावलेलं असतं आणि रिपोर्ट चुकतो. अशा वेळी गालाच्या आतला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवरचं सॅम्पल मागावं. त्याआधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही, तंबाखू-मिश्री तर नाहीच. काडी प्रत्येक गालाच्या आत अर्धा मिनिट जोर देऊन फिरवायची आणि पाकिटात घालण्याआधी वाळू द्यायची. ओली काडी बंद केली की बुरशी धरते. सेंटरवर हे वाळवणंच घाईत राहून जातं.

रिपोर्टबद्दल काउंटरवर मिळणारी माहिती मात्र भरवशाची नाही. ‘रक्तगट वेगळा, म्हणजे जुळणार नाही’ हे सर्रास ऐकू येतं, ते चूक आहे. रक्तगटाचं जनुक नवव्या गुणसूत्रावर, एचएलएचं सहाव्या. गट वेगळा असला तरी ट्रान्सप्लांट होतो, तयारी थोडी वाढते. एक सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के. दोघं असले म्हणून ती 50 होत नाही, 44 च्या आसपास राहते. तिघं असले तर 58. आईवडिलांचं सॅम्पल सोबत दिलं तर एचएलएचा कोणता संच कुणाकडून आला हे पक्कं कळतं. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्नं होतात. आईवडील असे नात्यातले असतील, तर सख्ख्यांत जुळलं नाही तरी चुलत-मावस भावंडं तपासायचं डॉक्टरांना जरूर विचारावं.

मॅचिंगसोबत ‘डोनर फिटनेस’चं पॅकेज गळ्यात मारलं जातं, ते तेव्हा घेऊ नये. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या बहुतेक केंद्रांना पेशी काढण्याआधीच्या 30 दिवसांतल्या लागतात. चार महिने आधी केल्या तर पैसे पाण्यात. एचएलएसुद्धा ट्रान्सप्लांटचं केंद्र ताज्या सॅम्पलवर पुन्हा करून घेतं, तो खर्च बाजूला ठेवा.

सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे रिपोर्ट. जो आधी काउंटरवर येईल त्याच्या हातात सगळ्या भावंडांचे रिपोर्ट एकत्र दिले जातात. सासरी नांदणारी बहीण जुळली, तर तिला स्वतःला कळायच्या आत गावभर झालेलं असतं आणि तिला ‘नाही’ म्हणायची जागाच उरत नाही. रिपोर्ट ज्याचा त्यालाच द्यायचा, असं फॉर्मवर लिहून सही घ्यावी. आग्रह धरला तर सेंटरवाले ऐकतात. मणक्यातून काढतात ही तिची भीतीही डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी बोलून घालवावी. मॅरो कमरेच्या मागच्या हाडातून भूल देऊन काढतात. नाहीतर चार-पाच दिवस जी-सीएसएफची (मॅरोतल्या पेशी रक्तात आणणारी) इंजेक्शनं देऊन मशीनवर रक्तातून पेशी गोळा करतात. त्या दिवसांत अंग आणि हाडं दुखतात, पॅरासिटामॉलनं बहुधा निभतं.

आणि एक गोष्ट सेंटरवर कुणी सांगत नाही, पण ती ट्रान्सप्लांट होईपर्यंत रक्तपेढीत बजावून सांगायची: भावंडांनी बदली रक्तदान खुशाल करावं, पण त्यांची पिशवी आपल्याच पेशंटला लावू नये. घरातलं रक्त चढलं की पेशंटचं शरीर त्या रक्ताविरुद्ध तयार होतं आणि पुढं त्याच भावाचा मॅरो नाकारला जायचा धोका वाढतो, अप्लास्टिक ॲनिमियात तर जास्तच. पिशवी बाहेरच्या दात्याची, ल्युकोडिप्लीटेड (पांढऱ्या पेशी गाळलेली) आणि इरॅडिएटेड (किरणं दिलेली) मागावी.