वॉर्डचा स्टॉक: दोन डब्यांची पद्धत की प्रत्येक वस्तू स्कॅन?

दोन्ही वापरून झालंय म्हणून लिहितोय. आधी आमच्या हॉस्पिटलात वॉर्डमध्येही सॉफ्टवेअर होतं, म्हणजे वस्तू काढली की बारकोड स्कॅन करायचा, आणि शिल्लक ठरलेल्या आकड्याखाली गेली की स्टोअरला आपोआप इंडेंट, म्हणजे मालाची मागणी. नंतर रोजच्या वस्तूंसाठी दोन डब्यांवर आलो, म्हणजे प्रत्येक वस्तूचे पुढे-मागे दोन डबे. एबीसी, व्हीईडी (खर्च आणि निकड बघून वस्तूंची वर्गवारी) यात जात नाही.

सॉफ्टवेअर वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. कंपनीने डेटामॅट्रिक्स कोडमध्ये (क्यूआरसारखा चौकोनी कोड) बॅच आणि एक्सपायरी भरलेली असली की एका स्कॅनमध्ये दोन्ही येतं, आणि उद्या एखादी बॅच परत मागवली तर ती कुठल्या वॉर्डात गेलीय ते लगेच सापडतं. डब्यांना हे जमत नाही.

पण माझा जीव नकोसा केला तो रात्रपाळीने. रात्री दोन वाजता पेशंटची शीर सापडत नाहीये, पहिला कॅन्युला (शिरेत घालायची सुई-नळी) वाया गेला, दुसरा गेला, तिसरा लागला, आणि सिस्टरने स्कॅन केला फक्त पहिला. यात तिची काय चूक? तिने पेशंट बघायचा की स्कॅनर शोधायचा? असं महिनाभर चाललं की सकाळी स्क्रीनवर 22 जी (गेज, म्हणजे जाडीचा आकडा) चे निळे कॅन्युला 60 आणि ड्रॉवरमध्ये 4. वाईट म्हणजे सिस्टीमला 60 दिसतायत म्हणून ती इंडेंटच टाकत नाही. मग सिस्टर शेजारच्या वॉर्डातून मूठभर उसने आणणार, तेही कुठे नोंदलं जात नाही, म्हणजे आता दोन वॉर्डांचे आकडे चुकले. आम्ही ट्रेनिंग दिलं, स्कॅनर ट्रॉलीला लावून बघितला, दर महिन्याला मोजणी करून आकडे जुळवले, आठवड्यात पुन्हा तेच.

डब्यांचं साधं आहे. पुढचा डबा संपला की तो कार्डासकट रॅकवर ठेवायचा आणि मागचा पुढे ओढायचा. सकाळी स्टोअरचा माणूस रिकामे डबे नेतो, भरून आणतो. रिकामा डबा हाच इंडेंट. मूळ कल्पना टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबानची, म्हणजे कार्ड बघून माल भरायच्या पद्धतीची, पण वॉर्डात ती फार छान बसते, कारण डबा पुढे ओढायला रात्री दोनलाही कोणाला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

डब्यात किती ठेवायचं हे मात्र नीट ठरवा. रोज 20 कॅन्युला लागतात, भरलेला डबा वर यायला दोन दिवस, आणि हाताशी दोन दिवसांचा जास्तीचा, म्हणजे एका डब्यात 80. इथे व्हेंडरचा लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल यायला लागणारे दिवस) धरायचा नाही, तो स्टोअरच्या साठ्यासाठी. आम्ही सुरुवातीला हीच गफलत केली आणि वॉर्डातली कपाटं बंद होईनात.

त्रुटी आहेतच. कोणीतरी दोन्ही डबे एकदम उघडतं आणि सगळं गणित बिघडतं. साथ आली की आयव्ही सेटचा खप वाढतो, कार्डावरचा आकडा जुनाच राहतो, तो दर दोन-तीन महिन्यांनी बघावा लागतो. हळू खपणाऱ्या वस्तू डब्यात पडून एक्सपायर होतात, त्या घालूच नका. इम्प्लांट, नार्कोटिक्स, फ्रिजमधली औषधं एकेक नोंदवूनच द्यायची, तिथे मी सॉफ्टवेअर सोडणार नाही.

तुमच्याकडे रात्रीही स्टाफ पुरेसा असेल आणि स्कॅनिंग खरंच होत असेल तर कदाचित तुमचा अनुभव वेगळा असेल. पण मला विचाराल तर सॉफ्टवेअर स्टोअरच्या दारापर्यंत ठेवा आणि त्यापुढे डबे. भरलेला डबा बाहेर पडताना स्टोअरवाला एकदाच स्कॅन करतो, 80 कॅन्युला एका झटक्यात वजा. वॉर्डात तेच 80 स्कॅन 15-20 जणांच्या हातून व्हायचे. स्टोअरमध्ये हात दोन-तीनच, त्यामुळे तिथला आकडा खरा राहतो आणि पीओ (व्हेंडरला द्यायची खरेदी ऑर्डर) त्यावर विश्वासाने टाकता येते. आमची तातडीची खरेदी खरी कमी झाली ती इथे.

सुरू करणार असाल तर एका वॉर्डात हातमोजे, सिरिंज, कॅन्युला, आयव्ही सेट एवढ्यानेच करा. आणि कार्ड लॅमिनेट करून डब्याला बांधून टाका, आत सुटं ठेवलं तर ते रिकाम्या खोक्यांबरोबर कचऱ्यात जातं, आणि मग तो डबा कोणत्या वॉर्डचा तेच कळत नाही.