बीएनआय की रोटरी? आधी हजेरीचं गणित मांडा

धंद्याच्या ओळखी वाढवायला ग्रुप जॉइन करायचाय, कुठला करू, असं विचारणारे फी विचारतात, रेफरल, म्हणजे ओळखीतून येणारी कामं, किती मिळतील तेही विचारतात. हजेरीचं मात्र कुणी काढत नाही. माझ्या मते निर्णय तिथेच होतो.

बीएनआय, म्हणजे एकमेकांना कामं मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांचं नेटवर्क, आयव्हन मिस्नर यांनी १९८५ साली कॅलिफोर्नियात सुरू केलं. चॅप्टरमध्ये, म्हणजे त्याच्या स्थानिक गटात, एका व्यवसायाचा एकच सभासद. तुम्ही एकटेच प्लंबर असाल आणि आला नाहीत, तर त्या सकाळी प्लंबिंगचं काम कुणाला द्यायचं हे सांगणारं कुणी नसतं. म्हणून नियम कडक आहेत. दर आठवड्याला दीड तास, वेळेवर यायचं, शेवटपर्यंत बसायचं आणि सहा महिन्यांत फार तर तीन गैरहजेऱ्या. जमणार नसेल तर बदली माणूस पाठवायचा, मग गैरहजेरी लागत नाही.

आता हा बदली माणूस. आमच्याकडे एकाने ऑफिसात नुकताच लागलेला मुलगा पाठवला होता. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून वाचला. ‘तुम्हाला गिऱ्हाईक कसं हवंय?’ असं कुणीतरी आपुलकीनं विचारलं, तर बिचारा कागद उलटसुलट करून बघत राहिला. हजेरी लागली, पण मालकाचा शब्द हलका झाला. माझी बदली माझी बायको असते. कोटेशन तीच करते, त्यामुळे कधी कधी माझ्यापेक्षा नेमकं बोलते. आणि चॅप्टरला आदल्या रात्रीच कळवायचं. सकाळी सातला ‘सॉरी, तब्येत बरी नाही’ असा मेसेज टाकणं मला पटत नाही.

रोटरी त्याहून जुनी, पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये शिकागोत स्थापलेली. मूळ नियमात सहामाहीत निम्म्या सभा हव्यात आणि सलग चार चुकल्या तर सभासदत्व जाऊ शकतं. पण परगावी असाल तर तिथल्या क्लबच्या सभेला बसून ‘मेकअप’ करता येतो, म्हणजे चुकलेली हजेरी भरून निघते. फिरतीवर असणाऱ्याला ही मोठी सोय आहे. २०१६ पासून क्लबांना हे नियम सैल करायची मुभा मिळाली, म्हणून तुमच्या गावच्या क्लबात काय चालतं ते आधी विचारा. मात्र तिथे सेवा आधी. पहिल्याच सभेत व्हिजिटिंग कार्डं वाटत फिरू नका.

मराठीतच मोकळं बोलता येत असेल तर माधवराव भिडे यांनी सुरू केलेला मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लबही बघा.

दुकान एकट्याच्या जिवावर चालत असेल, पाठवायला घरचं-दारचं कुणी नसेल, तर बीएनआय आत्ता नको, असं मी स्पष्ट सांगेन. दोन माणसं हाताशी असतील आणि काम गावातच असेल, तर बीएनआयच.

पैसे भरण्याआधी पाहुणे म्हणून जा. सभेच्या दहा मिनिटं आधी जाऊन बसा आणि तेव्हा किती खुर्च्या भरल्यात ते मोजा.