जुन्या पीसीत आधी काय बदलायचं? काही महिने वापरल्यानंतरचा हिशेब

आधी मशीन सांगतो. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ ची एकच स्टिक (२६६६ वाली), १ टीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा बऱ्यापैकी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि १०८०पी मॉनिटर. काम म्हणाल तर ब्राउझरमध्ये भरमसाट टॅब, फोटो एडिटिंग, अधूनमधून व्हिडिओ आणि रात्री गेम. एका दमात नवीन मशीन घेण्याइतकं बजेट नव्हतं, म्हणून एकेक वस्तू घेत गेलो: रॅम, एसएसडी, प्रोसेसर. या तिन्ही वस्तू आता महिनोन् महिने वापरून झाल्यात. शिवाय दोन वस्तू मुद्दाम घेतल्या नाहीत, त्याबद्दलही लिहितो, कारण बजेट खरं तर तिथेच वाचलं.

काहीही मागवण्याआधी कॅबिनेट उघडून धूळ काढली आणि प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलली. तेवढ्यानेच पंख्यांचा आवाज उतरला. मग काही दिवस नेहमीची कामं करताना टास्क मॅनेजर (कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) बाजूला उघडा ठेवला.

तिथे दिसलं ते असं: डिस्क १०० टक्के आणि प्रत्यक्ष वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. हे बघून कुणीही म्हणेल, हार्ड डिस्क गेली, एसएसडी टाका. पण ते १०० टक्के म्हणजे डिस्क किती वेळ कामात गुंतली होती त्याचा आकडा. वेगाशी त्याचा थेट संबंध नाही. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० फेरे मारते, म्हणजे हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४ मिलिसेकंदांच्या वर. त्याआधी डोकं योग्य जागी सरकायला लागणारा वेळ वेगळा. अशा विखुरलेल्या लहान वाचनांत डिस्क सेकंदाला शंभराच्या आतच कामं उरकते. चार-चार केबीचे तुकडे असतील तर एक एमबीसुद्धा निघत नाही.

आता प्रश्न असा की एवढी विखुरलेली वाचनं मागत कोण होतं? त्याचं उत्तर मेमरीच्या टॅबमध्ये मिळालं. वापरात ७ जीबीच्या वर, आणि ‘कमिटेड’ या रकान्यात १३ जीबीच्या आसपास. प्रोग्रॅमना कबूल केलेली मेमरी मशीनमधल्या रॅमपेक्षा इतकी जास्त आणि रॅमही काठोकाठ भरलेली, म्हणजे विंडोज उरलेलं ओझं पेजफाइलमध्ये (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची फाइल) टाकत होतं, आणि पेजफाइल त्याच हार्ड डिस्कवर. टॅब बदलला की डिस्क करवादायची ती यामुळे. नुसती एसएसडी टाकली असती तरी मशीन पळालं असतं, नाही असं नाही, पण ते आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी झालं असतं. म्हणून पहिला खर्च रॅमवर.

नवीन १६ जीबीचा जोडसंच घ्यायचा की जुन्या स्टिकला जोडीदार शोधायचा, यावर बराच घोळ घातला. नव्या संचाने वेग ३२०० झाला असता हे खरं, पण खर्चही दुप्पट आणि जुनी स्टिक विकत बसायचं काम वेगळंच. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या एसपीडी टॅबमध्ये जुन्या स्टिकचा वेग आणि टायमिंग बघून घेतलं आणि एक सेकंडहँड ८ जीबीची स्टिक घेतली. ती ३२०० ची निघाली तरी बिघडलं नाही, दोन्ही मिळून कमी वेगाच्या स्टिकबरोबर, म्हणजे २६६६ वर चालतात. सेकंडहँड रॅम घेतली तर एक रात्र मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालू ठेवून झोपा. एकही एरर आली तरी परत करा, ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणू नका. खराब रॅम फाइल्स गुपचूप खराब करते आणि ते कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

दुसऱ्या स्टिकचा फायदा दुहेरी आहे. जागा वाढली हा एक, आणि मेमरी ड्युअल चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाऐवजी दोन वाटांवर, गेली हा दुसरा. २६६६ ला एका चॅनेलची कमाल क्षमता सेकंदाला २१.३ जीबी, दोन चॅनेलची ४२.६. चार स्लॉटच्या बोर्डवर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, तरी बोर्डाची पुस्तिका बघूनच लावा. शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये दोन्ही खोचल्या तर साधारणपणे त्या एकाच चॅनेलवर बसतात आणि निम्मा फायदा हातचा जातो. टास्क मॅनेजर हे सांगत नाही, तो फक्त किती स्लॉट भरलेत ते दाखवतो. सीपीयू-झेडमध्ये कळतं. तिथे वेग १३३३ दिसला तर दचकू नका, डीडीआर मेमरीचा आकडा तिथे निम्मा दिसतो.

इतक्या महिन्यांनंतर १६ जीबी पुरतात का? ब्राउझर आणि फोटोंना आरामात. व्हिडिओची टाइमलाइन उघडली की १४ च्या पुढे जातं, पण अडत नाही. तुमच्या बोर्डला दोनच स्लॉट असतील तर मात्र माझी वाट धरू नका. तिथे एकदाच १६ च्या दोन घ्या, कारण नंतर वाढवायचं तर दोन्ही काढाव्या लागतात.

रॅम आल्यावर टॅब बदलताना होणारी करकर थांबली, पण मशीन चालू होणं आणि सॉफ्टवेअर उघडणं जसंच्या तसं संथ राहिलं. ते दुखणं खरोखर हार्ड डिस्कचं होतं. मग एसएसडी.

इथे एनव्हीएमई की साटा (एसएसडी जोडायचे दोन प्रकार) यावर लोक तावातावाने भांडतात. साटावर सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास मर्यादा, आणि एनव्हीएमईला पीसीआयई ३.० च्या चार लेनवर (बोर्डावरच्या डेटाच्या वाटा) साडेतीन हजारांपर्यंत. आकडे बघून डोळे फिरतात, पण विंडोज सुरू होताना किंवा फोटो सॉफ्टवेअर उघडताना या दोघांतला फरक हाताला फारसा लागत नाही. फरक लागतो तो हार्ड डिस्क सोडून कुठल्याही एसएसडीवर आल्याचा. बोर्डवर एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डात खोचायची जागा) मोकळा होता म्हणून मी १ टीबीची, स्वतःची डीरॅम (मेमरी चिप) नसलेली एनव्हीएमई घेतली. अशा ड्राइव्ह आपला पत्ता-तक्ता ठेवायला मशीनच्या रॅममधली थोडी जागा वापरतात. रोजच्या कामात त्याची उणीव कुठेच जाणवली नाही. काही बोर्डांवर एम.२ वापरला की एखाद-दोन साटा पोर्ट बंद होतात, तेवढं पुस्तिकेत बघून घ्या.

उणीव जाणवली ती वेगळ्या ठिकाणी. ही क्यूएलसी ड्राइव्ह आहे, म्हणजे एका पेशीत चार बिट कोंबणारी. बाहेरच्या एसएसडीवरून मोठं फुटेज कॉपी करायला घेतलं की सुरुवात धडाक्यात होते, मग ड्राइव्हचा वेगवान कॅशेचा (तात्पुरत्या साठ्याचा) भाग भरतो आणि आलेख कड्यावरून ढकलल्यासारखा खाली येतो, अगदी जुन्या हार्ड डिस्कच्या पातळीपर्यंत. ड्राइव्ह जितकी भरलेली, तितका हा कडा लवकर येतो, म्हणून मी पाव भाग कायम मोकळा ठेवतो. रोज मोठमोठ्या फाइल्स हलवणारे असाल तर टीएलसी (पेशीत तीन बिटवाली) शोधा. नसाल तर हा प्रकार महिन्यातून एखाद्या वेळी दिसेल आणि तुम्ही विसरूनही जाल.

जुनी विंडोज उचलून नव्या ड्राइव्हवर ठेवण्यापेक्षा मी नवीन विंडोज ११ टाकली. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तोही प्रश्न एकदमच मिटला. हार्ड डिस्क काढली नाही, जुन्या फुटेजसाठी ठेवली. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिचे रीअलोकेटेड आणि पेंडिंग (खराब झालेले आणि संशयित) सेक्टर अधूनमधून बघतो. दोन्ही शून्य आहेत तोवर राहील बिचारी.

प्रोसेसरच्या निर्णयाला सगळ्यात जास्त वेळ दिला. गेममध्ये अडखळायला होत होतं, पण टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर ४५ टक्के म्हणत होता. हा आकडा सरळ फसवतो. १२ थ्रेडच्या (एका वेळी १२ कामं हाताळणाऱ्या) प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण ताणला गेला तरी एकूण वापरात तो ८ टक्क्यांच्या आसपासच दिसतो, आणि गेमचा मुख्य थ्रेड तिथेच अडकलेला असू शकतो. त्यापेक्षा भरवशाची आणि फुकट चाचणी आहे. गेममध्ये एकाच जागी उभं राहा, एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) बघा, मग रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. एफपीएस उडी मारून वर गेला तर अडसर ग्राफिक्स कार्डाचा. जागचा हलला नाही तर प्रोसेसरचा किंवा रॅमचा. माझ्याकडे गंमत अशी झाली की गर्दीच्या शहरात घडणाऱ्या गेममध्ये आकडा जवळपास तसाच राहिला आणि दुसऱ्या एका गेममध्ये भसकन वाढला. म्हणजे ‘माझ्या मशीनचा अडसर कोणता’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, गेमगणिक ते बदलतं. मी जास्त वेळ कुठे घालवतो ते बघून प्रोसेसर आधी घ्यायचं ठरलं.

एएम४ सॉकेटची (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) खरी मिळकत इथे दिसते. २०१८ च्या माझ्या बोर्डवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. पुढच्या एएम५ सॉकेटवर जायचं तर बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ तिन्ही एकदम, आणि नुकतीच घेतलेली स्टिक कपाटात. २६०० आणि ५६०० दोन्ही ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॉट, त्यामुळे कागदावर भाऊ-भाऊ वाटतात. पण २६०० मध्ये कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक गटाकडे ८ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी). ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच ३२ एमबी कॅशेवर बसतात. गेमला हेच मानवतं, आणि एवढ्या मोठ्या कॅशेमुळे माझी २६६६ ची संथ रॅमही थोडीफार झाकली जाते. ५५०० स्वस्त दिसतो, पण त्यात एल३ निम्माच, १६ एमबी. मी ज्या कारणासाठी बदलत होतो तेच त्यात कापलेलं.

बसवताना घाई नको. बायोस अपडेट जुना प्रोसेसर असतानाच करायचं, आणि बोर्ड कंपनीच्या यादीत नवा प्रोसेसर कुठल्या आवृत्तीपासून चालतो ते आधी वाचायचं. काही बोर्डांच्या नव्या बायोसमध्ये फार जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट काढलेला असतो, म्हणजे परतीची वाट बंद. एएम४ च्या प्रोसेसरलाच पिना असतात आणि सॉकेटची पकड तशी बेताची, त्यामुळे कूलर सरळ वर ओढला तर चिकटलेल्या पेस्टसकट प्रोसेसर उपटून हातात येऊ शकतो. म्हणून मी आधी दहा-पंधरा मिनिटं मशीनवर भार टाकून पेस्ट गरम केली, मशीन बंद केलं, वीज काढली, स्क्रू सोडवले आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत राहिलो. आधी हलेचना, मग चिकट गूळ सुटल्यासारखा सैल झाला आणि प्रोसेसर सॉकेटातच राहिला. नंतर पहिल्यांदा चालू करताना एफटीपीएमबद्दल (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्यांची तिजोरी) वाय की एन असा प्रश्न येतो. बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा, नाहीतर आपल्याच फाइल्सच्या दाराबाहेर बसायची वेळ येईल.

आज काय फरक आहे? शहरातल्या गर्दीत बसणारे गचके गेले. कमाल एफपीएस मात्र अनेक गेममध्ये होता तेवढाच, कारण तिथे कार्डच मर्यादा घालतं. व्हिडिओ एक्स्पोर्टचा वेळ बऱ्यापैकी घटला. सोबतचा साधा कूलरच ठेवलाय. लांब एक्स्पोर्टला तापमान ८० च्या घरात जातं, या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश आहे. आवाज येतो, पण चालतंय. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला मला करायचा नव्हता.

आता न घेतलेल्या वस्तू. एसएमपीएस बदलला नाही. ६५ वॉटचा प्रोसेसर आणि १२० वॉटचं कार्ड चालवायला चांगला ४५० वॉटचा पुरून उरतो. ८० प्लसचा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतल्या संरक्षण सर्किटची हमी तो देत नाही. तुमच्याकडे कॅबिनेटबरोबर आलेला बिननावाचा असेल तर माझा सगळा क्रम बाजूला ठेवा आणि आधी तो बदला. मॉड्युलर (सुट्या केबलवाला) घेतलात तर जुन्या केबल नव्याला जोडू नका. एसएमपीएसच्या बाजूची जोडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि चुकीच्या केबलने ड्राइव्ह जळतात.

कार्डही घेतलं नाही. जीटीएक्स १०६० च्या पिढीला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झालेत, सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. म्हणजे जायची वेळ जवळ आली आहे, पण आज अडलेलं नाही. या मधल्या काळात आरएक्स ६५०० एक्सटीचा मोह बऱ्याचदा झाला. ते कार्ड पीसीआयईच्या चारच लेन वापरतं. माझा बोर्ड ३.० चा, त्यामुळे तिथे त्याला निम्मीच वाट मिळते, आणि ४ जीबी मेमरी भरली की नेमकी त्याच वाटेवर गर्दी होते. वर त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, जो माझ्या जुन्या १०६० मध्ये आहे. आरएक्स ६६०० ला आठ लेन, ८ जीबी मेमरी आणि १३२ वॉट, म्हणजे हाच एसएमपीएस चालेल, फक्त ८ पिनची केबल हवी. सेकंडहँडमध्ये तेच शोधतोय. विकणारा तासभर लोड टाकून दाखवायला तयार असेल तरच घेईन. तोवर सावल्या मीडियमवर ठेवून खेळणं चालू आहे.