आल्बनी पाइन बुश: कार्नर ब्लू बघायचं असेल तर

न्यूयॉर्क राज्यात फिरायला म्हणजे ऑक्टोबरात, हे डोक्यातून काढा. आल्बनी पाइन बुश या राखीव रानात कार्नर ब्लू हे फुलपाखरू दिसतं मेअखेर ते जून, नाहीतर दुसरी पिढी जुलै-ऑगस्टमध्ये. लुपिन या रानफुलाचा जांभळा-निळा बहरही हवा असेल तर पहिली वेळ साधा. मुलांना आधीच सांगून ठेवा, फुलपाखरू जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढं आहे, नाहीतर "एवढुस्संच?" ऐकून घ्यावं लागतं. नर वरून निळा, कडेला पांढरी झालर. मादी करडी, मागच्या पंखांवर नारिंगी चंद्रकोरी.

मला खरी मजा अळीत आली. रानटी लुपिनची पानं सोडून बाईसाहेब दुसरं काही खात नाहीत! पानाचा गर खरवडून पापुद्रा तेवढा ठेवतात, त्यामुळे पानावर आरपार खिडक्या दिसतात. तिथे वाकून बघा, अळीभोवती मुंग्या असतात. अळी त्यांना गोड रस देते, त्या तिच्यावर पहारा करतात. दुसऱ्या पिढीची अंडी हिवाळा बर्फाखाली काढतात. कार्नर ब्लू या पोटजातीचं शास्त्रीय वर्णन केलं कादंबरीकार नाबोकोव्हनी. 1992 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे.

इथे मुद्दाम वणवे लावतात, कारण सावली वाढली की लुपिन जातं. साताऱ्याहून आलेल्या सासऱ्यांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. डिस्कव्हरी सेंटर हे इथलं माहिती केंद्र नेटकं आहे, आधी तिथे जा. वाटा वाळूच्या, बाबागाडी नेऊ नका. आणि गोचिडी असतात, पँट मोज्यात खोचाच.