ट्यूबलेस टायर, तेरा महिन्यांनंतर: लेडव्हिलची सहा मिनिटं व्हॉल्व्हच्या पिनने खाल्ली

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत लेडव्हिल ट्रेल १०० ही सुमारे शंभर मैलांची माउंटन बाइक शर्यत ऑगस्टमध्ये झाली. आता नोव्हेंबर आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही. बारा तासांच्या आत पोचणाऱ्याला पट्ट्याचं बक्कल मिळतं. मी १२ तास ६ मिनिटांनी पोचलो. वाटेत एका पंक्चरपायी १९ मिनिटं गेली, आणि त्यातली निदान पंधरा टायरमुळे नव्हे, व्हॉल्व्हच्या आत बसणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या पिनमुळे गेली. म्हणून हा अनुभव टायरचा असला तरी निम्मा त्या पिनेबद्दलच असणार आहे.

मी मूळचा साताऱ्याचा, आता नऊ वर्षं डेन्व्हरजवळ राहतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये २९ इंची चाकांना २.२५ इंच रुंदीचे टायर घालून दोन्ही चाकं ट्यूबलेस करून घेतली. कारण एकच, सराटे. लहानपणी अनवाणी पायात रुतायचे तेच. इथे त्यांना गोटहेड म्हणतात, पण वनस्पती तीच, वैद्य जिला गोखरू म्हणतात ती. डेन्व्हरच्या आसपास रस्त्याकडेला, कालव्याच्या काठाने ती माजलेली असते आणि ऑगस्टपासून काटे पिकून वाटेवर पसरतात. ट्यूब होती तेव्हा एका महिन्यात सात पॅच लावले होते. ट्यूबलेस केल्यावर पहिल्याच आठवड्यात मागच्या टायरमधून अकरा काटे उपटले. प्रत्येक भोकातून सीलंटचा, म्हणजे टायरमध्ये घातलेल्या भोकं बुजवणाऱ्या द्रवाचा, पांढरा थेंब आला, चाक दोनदा फिरलं आणि भोक बंद. त्या दिवशी मी पाच तारे दिले असते.

जानेवारीत तारे उतरले. मागचं चाक रोज सकाळी बसलेलं असायचं. पंप लावला की त्याच्यावरचा दाबाचा काटा एकदम चाळीसवर उडायचा, पण टायर दाबून पाहावा तर मऊ. दुकानात नेलं. रिमची टेप, म्हणजे आऱ्यांची भोकं झाकणारी पट्टी, गेली म्हणाले, नवी टेप आणि मजुरी धरून ७० डॉलर घेतले. चौथ्या दिवशी चाक परत बसलं. पुन्हा गेलो तर सीलंट वाळलंय, आणखी ३० डॉलर लागतील म्हणाले. तिथे मी अडून बसलो. सत्तर डॉलरच्या कामाला चार दिवसांची तरी हमी हवी की नको? शेवटी अर्धे पैसे परत दिले, तेही त्याच दुकानात खर्च करायच्या अटीवर. मी त्यात एक लिटर सीलंट घेतलं आणि त्यानंतर त्या दुकानाची पायरी चढलो नाही.

खरं निदान घरीच झालं. शाळेत असताना आमच्या नाक्यावरचे पंक्चरवाले काका फुगवलेली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात वीतवीत फिरवायचे आणि म्हणायचे, “आधी बघ बाळा, मग हात लाव.” मे महिन्यात मी बाथटबात पाणी भरून अख्खं चाक आडवं बुडवलं. टेपच्या बाजूने एकही बुडबुडा नाही, टायरच्या कडेने नाही. बुडबुडे येत होते व्हॉल्व्हच्या टोकातून, सावकाश, एकामागून एक. पिन काढली तर तिच्या दांड्याभोवती वाळलेल्या लॅटेक्सची, म्हणजे सीलंटचीच, पिवळी गुंडाळी. तेवढ्यानेच हवा आत जायला जागा नव्हती आणि रबरी बूच नीट बसत नसल्यामुळे आतली हवा बाहेर येत होती. टेप पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती.

म्हणजे सीलंटचं जे काम आहे, हवेच्या संपर्कात येऊन घट्ट होणं, तेच ते व्हॉल्व्हमध्येही करतं. कोलोरॅडोची हवा इतकी कोरडी आहे की सीलंट लवकर आटतं. साताऱ्याच्या पावसाळ्यात ते बरंच जास्त टिकेल असं वाटतं. पिनेची किंमत अडीच डॉलर. पाच डॉलरला दोन आणल्या, दोन्ही चाकांत एकेक घातली आणि विषय मिटला असं धरून चाललो. जादा एक घेतली नाही. अडीच डॉलर वाचवले.

मग जुलैभर डोक्यात हवेचं गणित होतं, कारण लेडव्हिल १०,१५२ फुटांवर आहे आणि शर्यत जिथून मागे फिरते ती कोलंबाइन खाण १२,४०० फुटांच्या वर. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), डेन्व्हरला साधारण १२, लेडव्हिलला १०, कोलंबाइनला नऊच्या आसपास. टायरमधली हवा तेवढीच राहते, पण बाहेरचा दाब उतरतो, म्हणून डेन्व्हरला भरलेली २० पौंड हवा लेडव्हिलला २२ आणि माथ्यावर २३ होते. हे वाचून मी आदल्या संध्याकाळी दोन पौंड हवा सोडली. ती चूक होती. पहाटे तिथे पारा चार अंशांवर होता, आणि गॅरेजमध्ये पंचवीस अंशांना भरलेली हवा एवढ्या थंडीत आकसून दोन पौंडांहून थोडी जास्तच उतरते. उंचीने चढवलेले दोन पौंड थंडीने आधीच खाल्ले होते. सुरुवातीला माझा मागचा टायर १८ च्या खाली होता. लेह किंवा स्पितीला सायकल नेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: हवा मुक्कामी पोचल्यावर, पहाटेच्या गारठ्यात मोजायची, आदल्या संध्याकाळी नाही.

गावाबद्दल थोडं, कारण ते माझ्या मनात बसलंय. लेडव्हिल खाणकामगारांचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला क्लायमॅक्सची मॉलिब्डेनमची खाण बंद पडली आणि घरोघरची कमाई थांबली. केन क्लोबर स्वतः खाणीत काम करणारा. गावात माणसं यावीत, राहावीत म्हणून त्याने १९८३ मध्ये शंभर मैलांची धावण्याची शर्यत सुरू केली. सायकलची १९९४ पासून आहे. सकाळी साडेसहाला बंदुकीच्या बाराने सुटते.

सेंट केव्हिन्सचा चढ गर्दीत गेला. शुगरलोफनंतर पॉवरलाइनचा उतार, विजेच्या खांबांखालून पाण्याने चरलेला. तिथे कमी हवेचा टायर दोनदा रिमपर्यंत दबला, पण टिकला. ट्विन लेक्सला बायको बाटल्या घेऊन उभी होती. मी थांबून टायर दाबायला लागलो तर म्हणाली, “वेळ बघ, जा तू.” कोलंबाइनचा चढ सुमारे आठ मैलांत तीन हजारांहून जास्त फूट. वरचे शेवटचे दोन मैल झाडं संपल्यावरचे, सुट्या दगडांचे. तिथे बहुतेक जण सायकल ढकलत चालतात आणि समोरून उतरणारे त्याच अरुंद वाटेने येतात. मीही ढकलली. माथ्यावर तोंड इतकं कोरडं पडलं होतं की केळ्याचा घास गिळला जात नव्हता.

उतरायला लागल्यावर मिनिटाभरात मागच्या टायरला दगड लागला. फस्स आवाज, पिंढरीवर सीलंटचा फवारा. बाजूला घेतलं. कारच्या ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चरवाला सुईने चिकट सुतळी खुपसतो, तिचीच लहान आवृत्ती खिशात होती. ती खुपसली, भोक बंद. इथवर दोन मिनिटं. ट्यूबलेसचं मी एवढं कौतुक करतो ते याचसाठी.

मग १६ ग्रॅमची सीओटूची नळी, म्हणजे झटपट टायर भरायची दाबलेल्या वायूची पुंगळी, लावली. वायू आत गेलाच नाही. सगळा सांध्यातून बाहेर आला आणि नळीवर बर्फ धरला. पिन तुंबली होती. नवी पिन, अडीच महिन्यांची. ती काढली, सुतळीच्या सुईने लॅटेक्स खरवडलं. बोटं बधिर, नखांत पिवळा चिकट थर, पिन एकदा गवतात पडली. एवढ्यात उरलीसुरली हवा गेली. परत बसवून हातपंपाने सुरुवात केली. बारा हजार फुटांवर पंपाच्या एका दाबात समुद्रसपाटीच्या ६३-६४ टक्केच हवा असते. सपाटीवर दोनशे दाबांत होणारं काम तिथे तीनशेच्या वर जातं, आणि ज्या छातीने ते करायचं तिलाही तेवढीच हवा मिळते. मी चाळीस दाब मारून थांबत होतो. वर चढणारे ओरडून विचारत होते, काही हवंय का? एक पिन मागावी हे मला सुचलं नाही. कित्येकांच्या खिशात असणार.

परतीची पॉवरलाइन ऐंशीव्या मैलाला चढून यायची असते. ती मी चालत चढलो. त्यानंतर बुलेव्हार्डच्या रस्त्यावर घड्याळ बघणं बंद केलं. शेवटच्या रेषेवरच्या लाल गालिच्यावर बायको रडत होती. मी आधी मागचं चाक दाबून पाहिलं. कडक होतं.

२००९ ला याच शर्यतीत लान्स आर्मस्ट्राँगने शेवटचे काही मैल बसलेल्या मागच्या टायरवर काढले आणि तरी जिंकला. पुढे त्याच्या डोपिंगचं सगळं बाहेर आलं, त्यामुळे ते उदाहरण द्यायला जीभ वळत नाही. पण माझ्या शर्यतीच्या दिवसापासून रोज ते माझ्या मनात येतं. मी तसाच उतरलो असतो तर? रिम गेली असती. माझी रिम २१० डॉलरची आहे. तेव्हा मी रिमचा विचार केला, खोटं कशाला सांगू.

तर टायर आणि सीलंटला साडेचार तारे. ट्यूबवर मी परत जाणार नाही. मूळ व्हॉल्व्हला एक. पिन नसलेले, रुंद भोकाचे व्हॉल्व्ह आता मिळतात. जोडी पन्नास डॉलरच्या घरात. तीनदा टोपलीत टाकले आणि काढले. तोवर असं करतो: सायकल उभी करताना व्हॉल्व्ह कधी तळाला ठेवत नाही, घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी ठेवतो, म्हणजे सीलंट त्यात साचत नाही. हवा भरताना व्हॉल्व्ह वर. सीलंट घालताना पिन काढून घालतो, तिच्यातून नाही. खोगिराखालच्या पिशवीत चार पिना, कापडात गुंडाळलेल्या.

पुढच्या वर्षीच्या प्रवेशाच्या लॉटरीत नाव घालणार आहे. काल तीन आठवड्यांपूर्वीची पिन काढून पाहिली. टोकाला पिवळसर साय धरायला लागलीय.